गाडी बदलली, नंबर तोच

पावणे एमआयडीसीतल्या जवळपास प्रत्येक कारखान्याच्या गेटवर एक आवक-जावक वही असते. गाडीचा नंबर, आत येण्याची वेळ, काम काय, बाहेर पडण्याची वेळ आणि ड्रायव्हरची सही, एवढेच तिचे रकाने. वही कितीही चोख ठेवली तरी ती आपल्या दारापुरतेच बोलते. इथून निघालेला माल इंदूरला दोन दिवस उशिरा पोचला, तर तो ठाण्याच्या कोंडीत अडकला, धुळ्याच्या गोडाऊनात पडून राहिला, की इंदूरच्या गिऱ्हाइकाने गाडी वेळेत खालीच करून घेतली नाही, हे या वहीतून कळत नाही. त्यासाठी मालाच्या सोबत प्रवास करणारा कागद लागतो. पूर्वी हे काम मुख्यतः बिल्टी करायची. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ई-वे बिल लागू झाले. त्याचा नंबर बारा अंकी. भाग ‘अ’मध्ये माल कोणाचा, कोणाला, केवढ्याचा, भाग ‘ब’मध्ये गाडीचा नंबर. धुळ्याला गाडी बदलली तर भाग ‘ब’ नव्याने भरतात, बारा अंकी नंबर मात्र तोच राहतो. एकाच ट्रकमध्ये पाच जणांचा माल चढला, तर पाचांचे नंबर एका कागदावर आणणारे एकत्रित ई-वे बिल काढता येते आणि त्यातही कोणाचा मूळ नंबर पुसला जात नाही.

या कागदी व्यवहाराचा अर्क तीन नियमांत सांगता येतो. वाटेत ओळख बदलायची नाही. वेळ लिहायची ती काम प्रत्यक्ष संपल्याची, कागदावर शिक्का पडल्याची नव्हे. आणि एकत्र चढवलेल्या मालाचा हिशेब वेगवेगळाच ठेवायचा. ग्राफक्यूएल नावाच्या तंत्रावर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये विनंतीचा माग ठेवणारी यंत्रणा, म्हणजे ट्रेसिंग, बिघडते तेव्हा बहुतेक वेळा या तिन्हींपैकीच एखादा नियम मोडलेला असतो. तरीही दुरुस्तीचा विषय निघाला की पहिली सूचना येते ती ‘आणखी नोंदी घ्या, आणखी आलेख लावा’ अशी. ही दिशा चुकीची आहे. नोंदी बहुधा भरपूर असतात. त्यांचे आपसातले नाते चुकलेले असते. नात्यात चुकलेला माग हा माग नसण्यापेक्षा वाईट, कारण माग नसला तर माणूस निदान शोध घेतो; चुकीचा माग त्याला ठामपणे भलत्याच दारात नेऊन उभा करतो.

हा विषय पावण्याच्या पत्त्यावरून मांडण्याला कारण आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने ठाणे खाडीच्या पूर्वेला जो औद्योगिक पट्टा वसवला, त्यात आजही रसायनांचे कारखाने, वर्कशॉप, शीतगृहे आणि गोडाऊन आहेत. आणि त्याच ठाणे-बेलापूर रस्त्यावर महापे, रबाळे, ऐरोली इथे सॉफ्टवेअरची कार्यालये आणि डेटा सेंटरही उभी राहिली आहेत. एका बाजूला माल हलवणारे लोक, दुसऱ्या बाजूला तो माल पडद्यावर दाखवणारे लोक. पहिल्यांना माग ठेवण्याची शिस्त पिढीजात ठाऊक आहे. दुसऱ्यांना ती आपल्या सर्व्हरच्या आत पुन्हा शिकावी लागते आहे. म्हणून या लेखात उदाहरण घेऊ ते एका वाहतूक अ‍ॅपचे. व्यवस्थापकाला एका पडद्यावर पन्नास खेपा पाहायच्या आहेत: प्रत्येकीचा नंबर, ठिकाण, वजन, स्थिती आणि ट्रान्सपोर्टरचे नाव व फोन. जुन्या पद्धतीत खेपांसाठी एक पत्ता, ट्रान्सपोर्टरसाठी दुसरा, अशी अ‍ॅपला अनेक दारे ठोठवावी लागत. फेसबुकने २०१२ मध्ये आपल्या मोबाइल अ‍ॅपसाठी वेगळा मार्ग काढला आणि २०१५ मध्ये तो सर्वांसाठी खुला केला. तोच ग्राफक्यूएल. दार एकच, त्यातून अ‍ॅप नेमकी यादी, म्हणजे क्वेरी, देते की मला ही ही माहिती हवी, आणि सर्व्हर तेवढीच बांधून देतो. यादीतल्या प्रत्येक रकान्यामागे सर्व्हरमध्ये एक छोटे फंक्शन असते, त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. खेपेचे ठिकाण आणणारा एक, वजन आणणारा दुसरा, ट्रान्सपोर्टर शोधून आणणारा तिसरा.

माग ठेवण्याची कल्पना याहून जुनी आहे. बाहेर दिसणाऱ्या मापांवरून यंत्रणेच्या आतली स्थिती ओळखता येते का, हा प्रश्न रुडॉल्फ कालमान या अभियंत्याने १९६० मध्ये नियंत्रणशास्त्रात मांडला आणि त्या गुणाला ‘ऑब्झर्वेबिलिटी’ हे नाव मिळाले. सॉफ्टवेअरवाल्यांनी तो शब्द खूप नंतर उसना घेतला. २०१० मध्ये गूगलने ‘डॅपर’ या आपल्या यंत्रणेवर निबंध प्रसिद्ध केला. एक विनंती शेकडो यंत्रांतून फिरते तेव्हा तिला एक ट्रेस आयडी द्यायचा. तिच्यासाठी झालेल्या प्रत्येक कामाला, म्हणजे प्रत्येक स्पॅनला, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ आणि ‘हे काम कोणी सांगितले’ हे लावायचे, असा त्याचा गाभा. त्यातून प्रेरणा घेऊन ट्विटरने २०१२ मध्ये ‘झिपकिन’ आणि उबरने २०१७ मध्ये ‘येगर’ खुले केले. दोन प्रतिस्पर्धी प्रमाणे २०१९ मध्ये एकत्र येऊन ‘ओपनटेलिमेट्री’ झाली. २०२० मध्ये डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने विनंतीसोबत जाणाऱ्या ओळीचे स्वरूपही ठरवून दिले: आवृत्ती आणि खुणेचे आकडे सोडले तर तिच्यात ३२ अक्षरांचा ट्रेस आयडी असतो आणि १६ अक्षरांचा, आत्ता ज्याच्या हातात काम आहे त्याचा आयडी. पहिला म्हणजे ई-वे बिलाचा बारा अंकी नंबर, दुसरा म्हणजे भाग ‘ब’. थोडक्यात, एका सर्व्हरहून दुसऱ्या सर्व्हरकडे जाणाऱ्या हमरस्त्याचे नियम ठरलेले आहेत. घोटाळा होतो तो कंपाउंडच्या आत, एकाच सर्व्हरच्या पोटात, आणि तिथली जबाबदारी फ्रेमवर्कची, म्हणजे सर्व्हर ज्या तयार सांगाड्यावर लिहिला जातो त्याची, आहे.

पहिला घोटाळा दारावरच होतो. ग्राफक्यूएलमध्ये दार एकच असल्याने जुन्या सवयीची देखरेख यंत्रणा सगळ्या विनंत्यांना एकच नाव देते. पन्नास खेपांची यादी, एका ड्रायव्हरचा पत्ता बदलणे आणि महिन्याचा अहवाल ही तिन्ही कामे आलेखावर एकाच रेषेत मिसळतात. त्याहून फसवे असते ते उत्तराचे स्वरूप. ट्रान्सपोर्टरची माहिती देणारी सेवा बंद पडली तरी खेपांची यादी येऊ शकते. त्या रकान्यात रिकामी किंमत भरली जाते, झालेल्या चुकीचा तपशील उत्तरातल्या ‘एरर्स’ या यादीत जातो आणि एचटीटीपीचा आकडा बहुधा २००, म्हणजे ‘सर्व ठीक’, असाच राहतो. ५०० चे, म्हणजे बिघाडाचे, आकडे मोजणाऱ्या यंत्रणेला सगळे हिरवे दिसते आणि व्यवस्थापकाच्या पडद्यावर पन्नास रिकामे रकाने. याची दुरुस्ती अशी की ट्रेसवर क्वेरीचे नाव आणि प्रकार लिहायचा, ‘एरर्स’मध्ये काही आढळले तर स्पॅनवर अपयशाची खूण करायची, आणि प्रत्यक्ष अंमलाच्या आधीचे क्वेरी वाचण्याचे व तपासण्याचे टप्पेही मोजायचे. अनेक ठिकाणी फक्त अंमलाभोवती मोजणी लावलेली असते, त्यामुळे तपासणीतच नापास झालेली क्वेरी मागातून पूर्ण गायब होते. मात्र इथेच एक पथ्यही आहे. क्वेरीचे नाव अ‍ॅप पाठवते, सर्व्हर ठरवत नाही. कोणी दर विनंतीला नवे नाव पाठवले आणि तेच नाव मोजणीच्या आकडेवारीत लेबल म्हणून वापरले, तर लाखभर वेगळ्या रेषा तयार होऊन देखरेख यंत्रणाच झोपते. म्हणून नाव मागात तपशील म्हणून ठेवावे. आकडेवारीत मात्र आधी नोंदवलेल्या क्वेरींचीच नावे घ्यावीत.

दुसरा घोटाळा वेळेचा, आणि तो दिसायला गमतीदार असतो. आलेखात प्रत्येक रिझॉल्व्हरपुढे शून्य मिलिसेकंद, आणि एकूण विनंतीला मात्र तीन सेकंद. कारण असे की आजचे बरेचसे रिझॉल्व्हर काम लगेच पूर्ण करत नाहीत; ‘उत्तर नंतर देतो’ अशी चिठ्ठी देऊन मोकळे होतात. जावास्क्रिप्टमध्ये या चिठ्ठीला प्रॉमिस म्हणतात. मोजणी करणारा कोड चिठ्ठी हातात पडताच घड्याळ थांबवतो, चिठ्ठी वटेपर्यंत थांबत नाही. गेटवरच्या वहीत चलनावर शिक्का पडताच गाडी बाहेर गेल्याची वेळ लिहावी आणि ट्रक मात्र दुपारपर्यंत आत माल उतरवत उभा असावा, तसा हा प्रकार. दुरुस्ती दोन-तीन ओळींची: परत आलेली वस्तू चिठ्ठी आहे का ते पाहायचे, असल्यास ती पूर्ण झाल्यावर किंवा फसल्यावर स्पॅन बंद करायचा. पण या ओळी नसल्या तर तीन सेकंद कुठे गेले याचे उत्तर कोणाकडेच नसते, आणि मग डेटाबेसवाले नेटवर्ककडे आणि नेटवर्कवाले डेटाबेसकडे बोट दाखवतात.

तिसरा घोटाळा ओळखीचा, आणि तो सर्वांत घातक. पूर्वी एका विनंतीला एक थ्रेड, म्हणजे सर्व्हरमधला कामाचा एक धागा, असे. ‘सध्याचा स्पॅन कोणता’ हे त्या थ्रेडच्या खिशात ठेवले की पुरे. आता एकच थ्रेड आळीपाळीने शेकडो विनंत्या सांभाळतो. एक डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत थांबली की तोच थ्रेड दुसरी उचलतो. खिसा मात्र एकच. पहिल्या विनंतीचा स्पॅन खिशात असताना दुसरीचे काम सुरू झाले की दुसरीची मुले, म्हणजे तिच्यातून निघालेले स्पॅन, पहिलीच्या नावावर लागतात. याच जातीची आणखी एक चूक म्हणजे माग ठेवणाऱ्या एक्स्टेन्शनचा एकच ऑब्जेक्ट सर्व्हर सुरू होताना बनवायचा आणि त्याच्याच आत ‘चालू स्पॅन’ साठवायचा. चाचणी करताना एकावेळी एकच विनंती पाठवतात, त्यामुळे सगळे बरोबर दिसते. गर्दीच्या वेळी दोन कंपन्यांच्या खेपांचे माग एकमेकांत गुंततात. भाषांनी यावर उपाय दिलेले आहेत. पायथनमध्ये २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून ‘कॉन्टेक्स्टव्हार्स’ आले, सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये २०२० मध्ये ‘असिंकलोकलस्टोरेज’ आले. दोन्हींचा अर्थ एकच: खिसा थ्रेडला नको, कामाच्या ओघाला हवा. तरी त्यातही फट राहते. पायथनमध्ये एखादे संथ काम वेगळ्या थ्रेडकडे सोपवण्याच्या जुन्या पद्धतीत खिसा आपोआप सोबत जात नाही. तो हाताने द्यावा लागतो. फ्रेमवर्क लिहिणारा हे विसरला तर अ‍ॅप लिहिणाऱ्याला ते शोधायला आठवडे लागतात.

चौथा घोटाळा ग्राफक्यूएलचा खास आहे आणि त्याला ई-वे बिलाचे उदाहरण तंतोतंत लागू पडते. पन्नास खेपा, प्रत्येकीचा ट्रान्सपोर्टर वेगळा शोधायचा म्हटले तर डेटाबेसला यादीसाठी एक आणि ट्रान्सपोर्टरसाठी पन्नास, मिळून ५१ फेऱ्या होतात. म्हणून फेसबुकनेच ‘डेटालोडर’ ही युक्ती दिली: पन्नास मागण्या क्षणभर थोपवून धरायच्या आणि एकाच फेरीत पन्नासही ट्रान्सपोर्टर आणायचे. ५१ च्या दोन फेऱ्या होतात. पण ही दुसरी फेरी कोणाच्या नावावर लिहायची? नोडमध्ये काही वेगळे केले नाही तर ती पहिल्या खेपेच्या नावावर पडते, कारण फेरीची तयारी तिच्या मागणीने सुरू झालेली असते. आलेख सांगतो की पहिली खेप फार संथ आहे आणि उरलेल्या ४९ काही कारण नसताना ताटकळल्या आहेत. डेव्हलपर पहिल्या खेपेत काय खास आहे ते शोधत बसतो, आणि खास काहीच नसते. पाच जणांच्या मालाचा अख्खा ट्रक पहिल्या व्यापाऱ्याच्या नावावर दाखवल्यासारखेच हे. ओपनटेलिमेट्रीत यासाठी ‘लिंक’ची सोय आहे. एकत्रित फेरीचा स्पॅन यादीच्या मूळ रकान्याखाली ठेवायचा आणि त्यावर पन्नास मागण्यांच्या लिंका लावायच्या. फेरी एक, ओळखी पन्नास. एकत्रित ई-वे बिलाने जे साधले तेच हे. इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. डेटालोडर प्रत्येक विनंतीसाठी नवा बनवायचा असतो. तो सगळ्या विनंत्यांत सामायिक ठेवला तर माग तर गुंततोच, शिवाय एका गिऱ्हाइकाची साठवलेली माहिती दुसऱ्याला दिसण्याचा धोका उभा राहतो. मागातली गुंतागुंत ही अशा वेळी सुरक्षेच्या चुकीची पहिली चाहूल असते.

चुकीच्या जागी बोट जाण्याची किंमत किती असते, याचे मोठे उदाहरण मुंबईनेच पाहिले आहे. त्याचा ग्राफक्यूएलशी संबंध नाही, पण तत्त्व तेच आहे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार थांबले आणि पावणेचारला पुन्हा सुरू होऊन पाच वाजेपर्यंत चालले. त्या दिवशी बाजाराने आपल्या दोन्ही दूरसंचार कंपन्यांच्या लिंकमधील अडचणीकडे निर्देश केला. साहजिकच प्रश्न आला: लिंक तुटल्या तर त्यासाठीच दुसरी व्यवस्था नसते का? महिनाभराने बाजाराने सविस्तर खुलासा केला. खरेदी-विक्रीची मुख्य यंत्रणा शाबूत होती. लिंकमधल्या अडथळ्यानंतर माहिती साठवणारी यंत्रणा अनपेक्षित वागली आणि तिच्यावर विसंबलेली क्लिअरिंगची जोखीम-तपासणी यंत्रणा बंद पडली होती. दिसणारी जखम एका थरात, मूळ दुखणे दुसऱ्या थरात आणि निमित्त तिसऱ्याच थरात. पडद्यावर जे थांबलेले दिसते तेच बिघडलेले आहे असे मानले, तर दुरुस्ती भलतीकडे होते. थरांमधले नाते बरोबर लिहिलेला माग याच चुकीपासून वाचवतो, आणि नाते चुकीचे लिहिलेला माग याच चुकीला पुरावा पुरवतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो खर्चाचा: इतक्या नोंदी घेतल्या तर सर्व्हर त्यातच दमेल. आक्षेप खरा आहे, आणि ग्राफक्यूएलमध्ये तो जास्तच खरा आहे. आपल्या पडद्यावर आणखी थोडे तपशील जोडून पन्नास खेपांचे प्रत्येकी आठ रकाने धरले तर ४०० रिझॉल्व्हर होतात, ट्रान्सपोर्टरच्या नाव-फोनचे आणखी १००. प्रत्येकाला स्पॅन लावला तर एका पडद्यामागे पाचशेहून अधिक नोंदी, आणि त्यात खरे काम दोनच: दोन डेटाबेस फेऱ्या. बाकीचे रिझॉल्व्हर हातातल्या वस्तूचा एक रकाना उचलून देतात, त्यांना मोजण्यात अर्थ नाही. म्हणूनच ओपनटेलिमेट्रीच्या जावास्क्रिप्टसाठीच्या ग्राफक्यूएल जोडणीत असे क्षुल्लक रिझॉल्व्हर वगळण्याची, यादीतले सारखे स्पॅन एकत्र करण्याची आणि ठराविक खोलीपर्यंतच मोजण्याची सोय दिलेली आहे. शिवाय प्रत्येक विनंती साठवायलाच हवी असे नाही. डॅपरच्या पहिल्या आवृत्तीत सरासरी १,०२४ विनंत्यांमागे एकीचाच माग ठेवत. तेच प्रमाण छोट्या कंपनीने उचलले तर मात्र दिवसभरात हाती काही लागणार नाही. कमी वर्दळीच्या सेवेत दुर्मीळ चुका निसटतात हे त्या निबंधातही नोंदवलेले आहे. छोट्या सर्व्हरने सगळे माग ठेवावेत, मोठ्याने निदान संथ आणि फसलेल्या विनंत्यांचे ठेवावेत. खर्चाचे उत्तर ‘कमी आणि नेमके’ हे आहे. आणि तेही माझ्या मूळ म्हणण्याच्याच बाजूने जाते: पाचशे निरर्थक नोंदींपेक्षा बरोबर नात्यातल्या पाच नोंदी अधिक सांगतात.

दुसरा आक्षेप: लॉग आहेतच, मग हे वेगळे कशाला? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात, त्यामुळे लॉग तर सगळीकडे असतात. पण लॉग म्हणजे गेटवरची वही. काय घडले आणि कधी, हे ती सांगते. कशामुळे घडले हे सांगत नाही. शंभर विनंत्या एकाच सेकंदात चालू असताना ‘ट्रान्सपोर्टर सापडला नाही’ ही ओळ कोणाच्या खेपेची, हे वेळेवरून ओळखणे म्हणजे अंदाज. त्याच ओळीवर ट्रेस आयडी छापला की अंदाज संपतो. तेव्हा लॉग आणि माग हे एकमेकांचे पर्याय नाहीत, जसे आवक-जावक वही आणि ई-वे बिल नाहीत. दोन्हींवर एकच नंबर असला की दोन्ही कामाचे.

तिसरा आक्षेप व्यवस्थापकांचा असतो: एखादे चांगले तयार साधन विकत घेऊ, ते सगळे आपोआप दाखवेल. साधने चांगली आहेत, पण ती दिलेले चित्रच काढतात. वर सांगितलेल्या चार घोटाळ्यांपैकी एकही आलेखाच्या पडद्यावर दुरुस्त होत नाही; पालक-मुलाचे नाते फ्रेमवर्कच्या आत ठरते. माग नोंदवणाऱ्या तयार जोडण्याही निमूटपणे हुकतात. नोडमध्ये अशी जोडणी मूळ ग्राफक्यूएल लायब्ररीच्या आधी लोड झाली नाही तर ती कुठलीही तक्रार न करता काहीच नोंदवत नाही. उलट फ्रेमवर्कची स्वतःची जोडणी आणि बाहेरची जोडणी दोन्ही चालू राहिल्या तर तेच काम दोनदा मोजले जाते. चौथा आक्षेप खासगीपणाचा आहे आणि तो सर्वांत वजनदार आहे. ग्राफक्यूएलच्या क्वेरीसोबत फोन नंबर, पत्ते, कधी आधार क्रमांकही येतात. ते सगळे मागात साठवले तर दुरुस्तीसाठी उघडलेले दप्तरच गळतीचे दार होते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, तेव्हा ही केवळ सभ्यतेची बाब राहिलेली नाही. पण उपाय माग बंद करण्याचा नाही. क्वेरीचा सांगाडा ठेवावा, त्यात भरलेल्या किमती ठेवू नयेत. ओपनटेलिमेट्रीची वर सांगितलेली जोडणी मुळातच किमती लपवून सुरू होते. कोणी मुद्दाम चालू केल्या तरच त्या दिसतात. ट्रक कुठे अडकला हे शोधायला पेटीत काय आहे ते उघडून पाहावे लागत नाही.

काही जण याहून पुढे जाऊन म्हणतात की दोष ग्राफक्यूएलचाच आहे, जुन्या पद्धतीकडे परत जावे. दारे अनेक असली की नावे आपोआप वेगळी राहतात, हे खरे. पण एकाच थ्रेडवर अनेक विनंत्या, नंतर वटणाऱ्या चिठ्ठ्या आणि एकत्रित फेऱ्या जुन्या पद्धतीतही आहेत. ग्राफक्यूएलने या अडचणी निर्माण केल्या नाहीत. त्या एका दारात गोळा केल्या, म्हणून ठळक दिसू लागल्या.

राहतो प्रश्न दुरुस्ती झाली हे ओळखायचे कसे. आलेख सुंदर दिसतो ही खूण नव्हे. चुकीचा मागही सुंदर दिसतो. ओपनटेलिमेट्रीत स्पॅन कुठेही न पाठवता मेमरीतच जमा करण्याची सोय चाचण्यांसाठीच दिलेली आहे. तिच्या आधारे एक छोटी चाचणी लिहावी. दोन वेगळ्या क्वेरी एकाच वेळी सोडाव्यात, एक मुद्दाम संथ, एक मुद्दाम फसणारी, दोन्हींत डेटालोडरची फेरी. मग चार गोष्टी तपासाव्यात: एकीचा एकही स्पॅन दुसरीच्या ट्रेस आयडीखाली नाही, संथ रिझॉल्व्हरचा वेळ शून्य नाही, फसलेल्या क्वेरीवर, उत्तराचा आकडा २०० असला तरी, अपयशाची खूण आहे, आणि एकत्रित फेरीवर तिच्या सगळ्या मागण्यांच्या लिंका आहेत. ही चाचणी प्रत्येक बदलाबरोबर चालली पाहिजे, कारण फ्रेमवर्कच्या पुढच्या आवृत्तीत यातले काहीही निमूटपणे मोडू शकते. महागडा आलेख विकत घेण्याआधी ही चाचणी लिहा. ती पास होईपर्यंत त्या आलेखावरून कोणाकडेही बोट दाखवू नका.